उजव्या टबातला समुद्रससा

"डाव्या टबातल्याला खुशाल हात लावा. उजव्या टबातल्याला मात्र फक्त ब्रशनं," मी सांगत होतो, आणि समोरच्या बायका हात लावायचं सोडून पदर सावरत मागे सरत होत्या.

"चावाचो नाय मा?" एकीनं विचारलं.

"नाही हो. शेवाळ खाऊन राहतो बिचारा."

"तोंड खयचा आणि शेपटी खयची ताच कळणा नाय," गर्दीतून एक म्हातारी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. म्हातारी एकटीच आली होती. नऊवारी लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात रिकामी पिशवी. बाजाराला म्हणून निघाली असावी आणि गर्दी बघून आत शिरली असावी.

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता. आमचं सागरी संशोधन केंद्र म्हणजे बंदरवाडीच्या एसटी स्टँडच्या खालच्या अंगाला, समुद्राला लागून असलेल्या चार खोल्या. वर्षातून एक दिवस आम्ही त्या खोल्या गावकऱ्यांना बघायला उघड्या ठेवायचो. लोक यायचे, काचेतले मासे बघायचे, सरबत प्यायचे आणि जायचे. त्या वर्षी माझ्या गाइड हेरवाडकर मॅडमनी मला सांगितलं होतं, "भालचंद्र, तुझं टेबल मधोमध. तुझं काम लोकांना कळलं पाहिजे. नाहीतर म्हणतील, ही मंडळी इथं बसून गोगलगायी पाळतात."

गोगलगायच होती ती एका अर्थी. शंख नसलेली, तळहाताएवढी, तपकिरी, लिबलिबीत. डोक्यावर सशाच्या कानांसारखी दोन शिंगं, म्हणून समुद्रससा. ओहोटीला किनाऱ्यावरच्या खडकाळ खडपातल्या डबक्यांत शेवाळाला चिकटलेले मिळायचे. मी त्यांच्यावर पीएच.डी. करत होतो आणि माझ्या गावात कुणालाही हे सांगायची मला लाज वाटायची.

"आता बघा," मी म्हणालो. डाव्या टबातल्या सशाच्या पाठीवर एक छोटी नळी असते, तिला मी ब्रशच्या केसांनी हलकेच स्पर्श केला. त्यानं नळी जराशी आखडली, पुन्हा सोडली. "सकाळपासून याला हेच करतोय. पहिल्यांदा शिवलं तेव्हा नळीबरोबर आतला कल्लासुद्धा ओढून घेतला होता त्यानं. मग हळूहळू त्याच्या लक्षात आलं, यात भिण्यासारखं काही नाही. आता तो दादच देत नाही. सवय झाली."

"आमच्या घरवाल्यासारखो," एक बाई म्हणाली. पुन्हा हशा. मीही हसलो. छान चाललं होतं.

"आणि हा दुसरा." मी उजव्या टबाकडे वळलो. "याला गेले काही दिवस रोज शेपटीला विजेचा बारीकसा धक्का देतोय आम्ही. नळीला नाही हं, शेपटीला. नळीला कुणी बोटही लावलेलं नाही. आता बघा."

मी ब्रश तसाच हलकेच टेकवला. त्या जनावरानं सगळं अंग एकदम आत ओढलं. नळी गेली, कल्ला गेला, कान मिटले, पुरचुंडी झाली नुसती. मिनिटभर ते तसंच आवळून बसलं, तरी उलगडेना.

"म्हणजे मार बसला शेपटीला आणि आता भितो सगळ्यालाच?" सरपंचांनी विचारलं. ते पुढच्या रांगेत पांढऱ्या शुभ्र धोतरात उभे होते.

"अगदी बरोबर. आणि गंमत अशी की हे सगळं लक्षात ठेवायला त्याच्याकडे आपल्यासारखा मेंदू नाही. काही हजार चेतापेशी, बस्स. काही तर एवढ्या मोठ्या की नुसत्या डोळ्यांनी दिसतात. म्हणून तर शिकायला बरा. ज्या पेशीला स्पर्श कळतो आणि ज्या पेशीनं अंग आखडतं, त्या दोघींमधला सांधा धक्क्यानं घट्ट होतो. एकदाच धक्का दिला तर तासाभरात सैल पडतो. पण थोड्या थोड्या दिवसांनी परत परत दिला, तर त्या पेशीला नव्या फांद्या फुटतात. खऱ्याखुऱ्या. सूक्ष्मदर्शकातून मोजता येतात."

"तेका दुखता काय रे?"

हा आवाज मागून आला. मी मान उंच करून बघितलं. दारापाशी खाकी कपड्यांत, टोपी काखेत धरून बाबा उभे होते.

माझे बाबा, जगन्नाथ आरोलकर, एसटीत ड्रायव्हर. येतो म्हणाले होते, पण ड्यूटीतून जमेल असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी कुणाशी तरी बदली करून त्या दिवशी बंदरवाडीची गाडी मागून घेतली होती, हे मला नंतर कळलं. खाकीला कडक इस्त्री होती. मी काय करतो हे बघायला ते पहिल्यांदाच येत होते.

"माझे वडील," मी मॅडमना म्हणालो. मॅडमनी हात जोडले. बाबांनी ओशाळून टोपीसकट हात जोडले.

"दुखतं म्हणजे," मी प्रमाण मराठीतच उत्तर दिलं, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून, "आपल्यासारखं दुखतं का, ते सांगता येत नाही. टाळतो एवढं नक्की."

बाबांनी मान हलवली. ते लोकांतून वाट काढत टेबलापाशी आले. उजव्या टबाकडे वाकून बघत राहिले. ससा अजून उलगडला नव्हता.

"किती दिस ध्यानात ठेवता तो?"

"काही आठवडे."

"मगे विसारता?"

"धक्का पुन्हा बसला नाही तर हळूहळू विसरतो. त्या नव्या फांद्या गळून जातात."

"छाटूक येयत नाय त्यो?" बाबांनी विचारलं. आमच्या परड्यात काजूची कलमं होती, त्या सवयीनं विचारलं असं मला वाटलं.

लोक हसले. मीही हसून म्हणालो, "नाही, बाबा. आपल्याला नुसती वाट बघायची."

सरपंच म्हणाले, "वा! आरोलकरानु, पोरगो मोठो मास्तर केलास हो तुमी!"

बाबांचा चेहरा असा उजळला की मी बघत राहिलो. तसा मी तो आधी कधी पाहिलेला नव्हता. मग मी पुन्हा लोकांकडे वळलो, ब्रश उचलला आणि पुढचं सांगायला लागलो. बाबा माझ्या मागे, उजव्या हाताला उभे होते. माझ्या कॉलरवर, कानाच्या मागे, सकाळी ससे उचलताना शेवाळाचा एक तुरा चिकटलेला होता. तो काढायला त्यांनी हात पुढे केला.

मला हात दिसला नाही. कानामागे काहीतरी आलं एवढंच कळलं.

काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी ते केलं नाही. ते झालं. माझे दोन्ही हात डोक्यावर गेले, गुडघे वाकले, मान छातीत गेली आणि तोंडातून एक बारीक आवाज निघाला, कुत्र्याच्या पिल्लासारखा. कोपर उजव्या टबाला लागलं. टब उलटला. पाणी, शेवाळ आणि ससा जमिनीवर. त्यानं आपली शाई सोडली, जांभळी, गर्द. टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर, माझ्या सदऱ्यावर, सरपंचांच्या धोतरावर.

मी टेबलाच्या कडेला उकिडवा बसलेलो होतो. सव्वीस वर्षांचा माणूस, डोकं हातांत घेऊन.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"आगे बाय," ती म्हातारी म्हणाली, हळू, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "पोरगो मार खाल्लेलो आसा ह्यो."

सगळ्यांचे डोळे माझ्यावरून निघाले आणि बाबांच्या हातावर जाऊन थांबले. तो हात अजून तसाच हवेत होता, बोटांच्या चिमटीत शेवाळाचा तुरा. ड्रायव्हरचा हात. रुंद, काळा, स्टेअरिंगनं घट्टे पडलेला.

सरपंचांना ती शांतता मोडायची असावी. धोतर झटकत ते म्हणाले, "काय आरोलकरानु, स्टेअरिंगवरचो हात पोराच्या पाठीर बसा वाटता!" दोनचार जण कसनुसे हसले.

मी उठलो. कान तापले होते. "नाय!" मी ओरडलोच. प्रमाण मराठी कुठल्या कुठे गेली. "बाबांनी माका कधी बोटसुदा लावूक नाय! कधीच नाय!"

ते खरं होतं. पण जांभळ्या डागांनी भरलेला मुलगा बापाच्या वतीनं असं ओरडला की लोकांना काय वाटतं, ते मला त्यांच्या चेहऱ्यांवर दिसलं. एका बाईनं आपल्या नवऱ्याकडे बघून मान हलवली.

"रवांदे," बाबा म्हणाले. त्यांनी खाली वाकून दोन्ही ओंजळींत तो ससा उचलला, डाव्या टबात अलगद सोडला. त्यांचे हात कोपरापर्यंत जांभळे झाले होते. मग ते सगळ्यांकडे वळले आणि म्हणाले, "माझा चुकला."

एवढंच. टोपी डोक्यावर घातली आणि गेले.

मॅडमनी लोकांना सरबताकडे वळवलं आणि मला मागच्या खोलीत नेलं. त्यांच्या कपाटात प्रयोगशाळेचा एक जुना सदरा होता, तो त्यांनी माझ्या हातात दिला आणि पाठ करून उभ्या राहिल्या.

"मॅडम, त्यांनी खरंच मला कधी मारलेलं नाही."

"बरं," मॅडम म्हणाल्या.

ते 'बरं' मला ठाऊक होतं. प्रयोगात एखादा आकडा उगाच सरळ आला, की त्या तसं 'बरं' म्हणायच्या.

"खरंच, मॅडम."

"भालचंद्र, मी काही विचारलं नाही." त्या अजून खिडकीकडेच बघत होत्या. "त्यांची गाडी कधी सुटते?"

"अजून वेळ आहे."

"मग इथं काय करतोस?"

सदऱ्याची बटणं लावता लावता मी स्टँडकडची चढण चढलो. मला एवढंच कळत होतं की आज सांगायला हवं. इतकी वर्षं न सांगून मी बाबांना सांभाळलं होतं. आज त्या न सांगण्याचं ओझं चारचौघांत त्यांच्याच डोक्यावर पडलं होतं.

गोष्ट एवढीच होती. मी सात वर्षांचा असताना आई गेली. बाबांची ड्यूटी म्हणजे आज इथं मुक्काम, उद्या तिथं. म्हणून मला सावंतवाडीला आईच्या भावाकडे, वामनमामाकडे ठेवलं. मामा गणिताचे मास्तर. गावात मोठा मान. त्यांच्या माजघरात बसून शिकलेली मुलं बोर्डात यायची. मामा ओरडायचे नाहीत. चिडायचेसुद्धा नाहीत. मागून यायचे. मी जेवत असलो, गणित सोडवत असलो, कधी नुसता पायरीवर बसलेलो असलो तरी कानामागे त्यांचा हात बसायचा, आणि मग हात थकेपर्यंत पाठीत वेताची छडी. कारण कधी असायचं, कधी नसायचं. संध्याकाळी तेच मामा मला समोर बसवून गूळ-शेंगदाणे द्यायचे आणि म्हणायचे, "तुझ्या बापाचं नाव काढशील." ही आठ वर्षं मी बाबांना कळू दिली नव्हती. उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचे सदरे घालायचो. विचारलं तर म्हणायचो, मामा फार चांगले आहेत. एकट्या माणसाला आणखी घोर कशाला.

स्टँडवर गाडी उभी होती. आत कुणी नव्हतं. बाबा केबिनमध्ये बसून ओल्या फडक्यानं हात पुसत होते. शाई जात नव्हती. मी पुढच्या दारानं वर चढलो आणि पहिल्या बाकावर बसलो.

"जेवलंस?" त्यांनी विचारलं.

"नाय. बाबा, माका तुमका एक सांगाचा आसा."

"सांग."

"मघाशी मी असो दचाकलंय, तो तुमच्यामुळे नाय."

ते हात पुसत राहिले.

"वामनमामा माका मारी," मी म्हणालो. "खूप मारी. मी तुमका कधी सांगूक नाय."

बोलून झालं आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायला घाबरलो. मला वाटलं, आता ते उठतील, काहीतरी फेकतील. मामा तेव्हा हयात होते, म्हातारे झाले होते; मला वाटलं, हे गाडी थेट त्यांच्या दारात नेऊन उभी करतील. मनातल्या मनात मी त्यांना आवरायची वाक्यंसुद्धा जुळवत होतो.

बाबांनी फडकं घडी करून समोरच्या फळीवर ठेवलं.

"माका माहीत होता," ते म्हणाले.

खाली रस्त्यावरून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला.

"काय माहीत होता?"

"तां."

"कदीपासना?"

"पयल्याच दिवाळेक. तुका तेल लावूक बसलंय, तेव्हा पाठ बघलंय. वळ होते. काही जुने, काही नवे." ते समोरच्या काचेकडे बघून बोलत होते, गाडी चालवत असल्यासारखे. "तू म्हणालंस, पडलंय. मी म्हटलंय, बरा."

"मगे?"

"मगे मामाक इचारलंय. तो म्हणालो, 'भाऊजी, पोरगा हुशार आहे, पण धार काढावी लागते.'"

"आणि?"

"आणि भाऊबीज झाली, तुका परत नेवन सोडलंय."



"दुसरो इलाज नव्हतो," मीच म्हणालो. त्यांनी तसं म्हणावं म्हणून मीच म्हणालो. "तुमची ड्यूटी होती. घरात कोण नव्हता."

"होतो इलाज." त्यांनी मान हलवली. "तुझी आत्या सांगी, माझ्याकडे ठेव म्हणान. जीव लावी ती तुका. पण तिच्या गावात शाळा सातवीपर्यंत. मगे शेती, नायतर माझ्यासारखा स्टेअरिंग. मामाकडची पोरां इंजिनेर होयत, डॉक्टर होयत. मी इचार केलंय, भाल्या. रात्रभर गाडी चालवता चालवता इचार केलंय. हात मोडाचो नाय, पाय मोडाचो नाय, पाठीवरचे वळ जातले. पोरगो शिकतलो."

"तुमी माका इचारूक नाय."

"इचारलंय असतंय तर तू सांगितलं असतंस."

त्यांनी फळीवरचं फडकं उचलून परत तिथंच ठेवलं. मग म्हणाले, "मामाच्या घराकडच्या वळणार मी हॉर्न वाजवी, तुका याद आसा?"

होती. सावंतवाडीची गाडी असली की ते त्या वळणावर लांब हॉर्न द्यायचे. मी असेन तिथून उठून खिडकीत धावायचो आणि लाल गाडीचा मागचा भाग जाताना बघायचो. त्या हॉर्नवर मी आठवडा काढायचो.

"थयसर एसटीचो थांबो होतो," बाबा म्हणाले. "थांबूक येय होता. मी थांबत नव्हतंय. थांबलंय असतंय तर तू धावत इलं असतंस, काय तरी बोललं असतंस, आणि माका तुका घेवन जावचा लागला असता."

मी खाली बघत बसलो. त्या पूर्ण बाह्यांच्या सदऱ्यांची मला लाज वाटली. बाथरूमचं दार लावून घेण्याची, 'मामा फार चांगले आहेत' म्हणताना चेहऱ्यावर आणलेल्या हसण्याची लाज वाटली. लहानपणी मी केलेलं एकमेव मोठं काम ते, आणि ज्याच्यासाठी केलं तो बघून न बघितल्यासारखं करत बसला होता. आणि राग यावा तसा येत नव्हता, याचीही लाज वाटत होती, कारण ज्या शिक्षणासाठी त्यांनी मला तिथं ठेवलं, ते घेऊनच मी खाली टेबलापाशी उभा होतो.

"आज माका सुट्टी होती," बाबा म्हणाले. "मागून घेतलंय ही गाडी. तुका थयसर उभो बघलंय, सगळ्यांका शिकयताना. सरपंच बोललो. माका वाटला, बरोबर केलंय मी. देवाशपथ, असाच वाटला. मनात म्हटलंय, जगन्नाथ, तुझा गणित जमला." त्यांनी दोन्ही जांभळे हात स्टेअरिंगवर ठेवले. "आणि मगे तू हात वर केलंस."

त्यांचा आवाज तिथं बसला. मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, आईच्या वेळीही नाही. त्या दिवशी गाडीतही ते रडले नाहीत. फक्त खालचा ओठ आत ओढून धरला आणि डोळे मिटले.

लोक चढायला लागले. कंडक्टर सामंत चहा पिऊन आला, मला बघून म्हणाला, "काय, झिल बापाशीक सोडूक इलो?" आणि तिकिटांची पेटी घेऊन मागे गेला. तेवढ्यात ती म्हातारी चढली. पिशवी अजून रिकामीच होती. केबिनच्या जाळीपाशी थांबून तिनं बाबांना ओळखलं.

"तूच मा रे तो?"

बाबांनी डोळे उघडले.

"एवढ्या शिकलेल्या पोराक असो भिववलंस? पोरांवर हात टाकून कोण शाणो जाता रे?"

माझं तोंड उघडलं. 'त्यांनी नाही, आजी,' असं म्हणायचं होतं. तासाभरापूर्वी हेच वाक्य मी ओरडून म्हणालो होतो. आता मी तोंड मिटून घेतलं. ते खरं आहे की नाही, याची मला खात्री नव्हती.

"व्हय आजी," बाबा म्हणाले. "चुकला."

त्याचा तिला राग यायला हवा होता, पण तिचा चेहराच पडला. माझ्या शेजारच्या बाकावर ती टेकली, पिशवी मांडीवर घेतली आणि बराच वेळ तिचे बंद पिळत राहिली. मग बाबांना ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात मला म्हणाली, "माझो झिल मुंबयक आसा. येयत नाय घराक. मीय मारी तेका. तोय असोच हात वर करी. म्हणान तर वळाकलंय." आणि तोंडाला पदर लावून खिडकीबाहेर बघायला लागली.

सामंतनं घंटी दिली.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. उतर, असं म्हणाले नाहीत. ये, असंही म्हणाले नाहीत. खाली माझं टेबल तसंच पडलं होतं, लोक सरबत पीत होते, मॅडम वाट बघत असतील. मी उठलो आणि केबिनमध्ये, इंजिनाच्या झाकणावर जाऊन बसलो. त्या गाड्यांत ड्रायव्हरच्या डाव्या अंगाला इंजिनाचा तो उंचवटा असायचा. घरचं कुणी असलं की तिथं बसवायचे.

गाडी निघाली. गिअरचा दांडा माझ्या गुडघ्याला जवळजवळ लागून होता. बाबांनी पहिल्यातून दुसऱ्यात टाकायला हात उचलला, आणि तो जांभळा हात माझ्या दिशेनं येताच माझा खांदा आपोआप कानाला जाऊन भिडला. मी लगेच खाली केला. त्यांनी पाहिलं होतं.

बंदरवाडी सोडली की लगेच घाटी लागते. उभी चढण आणि वळणं. गाडी दुसऱ्यावर धापा टाकत होती, पहिला टाकायला हवा होता. बाबांचा हात स्टेअरिंगवरच राहिला. पुढचं वळण आलं. इंजिन कण्हायला लागलं, झाकण माझ्याखाली थडथडायला लागलं. एकवीस वर्षं ज्यानं एकही गिअर चुकवला नव्हता, तो माणूस दोन्ही हात घट्ट धरून, दांड्याकडे न बघता, गाडी तशीच रेटत होता.

"काय ओ आरोलकर!" मागून सामंत ओरडला. "गाडी रडता मा! पयलो टाका, पयलो!"

"टाकतंय," बाबा म्हणाले. पण हात हलवला नाही.

गाडीला आता चालत्या माणसाचा वेग होता. मागचे लोक उठून पुढे बघायला लागले होते. बाबांच्या कपाळावरून घाम गळ्यात उतरत होता.

"बाबा," मी म्हणालो. "गिअर बदला."

त्यांनी मान हलवली, नाही म्हणून.

"बदला, बाबा. मी हयसरच आसंय."

तेव्हा त्यांनी हात स्टेअरिंगवरून काढला आणि हळू, मला पूर्ण दिसेल असा, दांड्याकडे आणला. मी आखडलो. मला थांबवता आलं नाही. त्यांचा हात अर्ध्यात थांबला आणि मग खाली येऊन दांड्याच्या मुठीवर बसला. त्यांनी पहिला गिअर टाकला. गाडी चढायला लागली.

पुढचं वळण समोर दिसत होतं. मी गुडघा हलवला नाही.